पुनवेचं पाणी

काशिनाथ, काल तुझ्या घरून परतताना मला फार हलकं वाटत होतं. हे लिहायला थोडी लाज वाटते. तुझं बारावं होतं, घरात रडारड होती, आणि मी मात्र सारसोळ्याहून नेरूळपर्यंत चालत येताना स्वतःशीच हसत होतो. वंदना बरोबर होती. बापाचं डोकं ठिकाणावर आहे ना, म्हणून तिने दोनदा वळून बघितलं. आहे. पाच वर्षांनी पहिल्यांदा ठिकाणावर आलंय, असं म्हण हवं तर.

तुझ्याबद्दल लोक काल बरंच चांगलं बोलले. कारखान्यातली चोख हजेरी, भजनातला पखवाज, शांत स्वभाव. सगळं खरं आहे आणि त्यातलं काहीच मी इथे लिहिणार नाही. मला तुझ्याशी त्या अंतराळ स्थानकाबद्दल बोलायचं आहे. पाच वर्षं आपण त्या विषयाच्या कडेकडेने फिरलो आणि मुद्द्याला दोघांनीही हात घातला नाही. तू सभ्यपणामुळे, मी भित्रेपणामुळे.

महाप्याच्या कारखान्यात मी मेन्टेनन्सचा सुपरवायझर आणि तू माझ्या हाताखालचा फिटर. मी नेरूळच्या नव्या कॉलनीतला, तू शेजारच्या सारसोळे गावातला, म्हणजे मूळचा इथला. आमच्या बिल्डिंगचा पाया जिथे खणला तिथे तुझ्या आज्याची भातशेती होती, हे तू मला ओळखीच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलंस. तक्रार म्हणून नाही, पत्ता सांगावा तसं. मी तुला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे केलं. पुढे त्यात माया आली, पण सुरुवातीला ती निव्वळ साहेबी होती.

आपल्या देशाचा माणूस अंतराळात जाऊन आला ते वर्ष तुला आठवत असेलच. कॉलनीत मोजके टीव्ही होते आणि त्या प्रत्येकासमोर पन्नास माणसं. मला तर तेव्हापासून दुसरं काही सुचेना. कोजागिरीला कॉलनीचा कार्यक्रम असायचा, त्यासाठी मी नाटक लिहिलं. पृथ्वीभोवती फिरणारं एक स्थानक आणि त्यावरचे अकरा भारतीय. लेखक मी, दिग्दर्शक मी आणि स्थानकाचा कप्तानही मीच. माझ्या बायकोने विचारलं होतं, की टाळ्या वाजवायला तरी दुसऱ्या कोणाला ठेवलंय का.

तुला मी यंत्रज्ञाचं काम दिलं. खरं कारण सांगतो. स्थानक उभारायला मला फुकटात चांगला फिटर हवा होता आणि काम दिल्याशिवाय तुला रोज संध्याकाळी बोलवायचं कसं? तुझी वाक्यं चारच. चारही वाक्यांत यंत्रज्ञ घाबरलेला, आणि चारही वेळा कप्तान त्याला म्हणतो, धीर धर, स्थानक माझ्या हातात आहे. शेवटी कप्तानच बरोबर ठरतो.

"साहेब, ह्यो मानूस सारका घाबरतो कशाला?" तू वाचनाच्या वेळी विचारलंस.

"कप्तान मोठा दिसायला हवा ना."

"मंग ठीक हाय," तू म्हणालास आणि वही मिटलीस. तेव्हा तू हसला होतास की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

कॉलनीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट होता. मुरमाचा भराव टाकून सपाट केलेला. पलीकडे नव्या बिल्डिंगचं काम अर्धवट थांबलेलं आणि तिच्या कॉलमच्या लोखंडी सळया पुरुषभर उंच उभ्या राहिलेल्या. त्या सळयांच्या अलीकडे, नवरात्रातल्या अष्टमीला भर दुपारी, आपण खड्डे घेऊन बल्ल्या रोवल्या. वर सात फुटांवर सुंभाने आवळून बांधलेला फळ्यांचा मजला, चढायला शिडी, मजल्याच्या टोकाला आणखी हातभर उंच कप्तानाचा चौथरा. कागदी बेगड लावून सगळं चंदेरी केलं. तुझ्या हाताचं काम देखणं होतं. रस्त्याने जाणारी माणसं सायकल थांबवून बघायची आणि मी कमरेवर हात ठेवून उभा असायचो.

नवमीला मी स्वतः वर चढून उड्या मारल्या. आठ जणांना वर घेऊन पुन्हा मारल्या. हूं की चूं झालं नाही.

"बघितलंस?" मी खाली बघून विचारलं.

तू खाली मागच्या कोपऱ्यातल्या बल्लीपाशी उकिडवा बसला होतास. "आज नाय हालनार, साहेब. आज भांग हाय. पुनवेला बगा."

भांगाचं पाणी म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. तू समजावून सांगितलंस. अष्टमी-नवमीला भरती कमी असते, तिला तुमच्याकडे भांग म्हणतात. पुनवेला आणि अवसेला उधाण. आणि आपण ज्या जागेवर उभे होतो तिथे पूर्वी खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन होती. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला बांध आणि त्या बांधाचं दार, ती उघाडी, नेमकी त्या मागच्या कोपऱ्याखाली. वरून मुरूम टाकला म्हणून पाणी आपला जुना रस्ता विसरत नाही, उधाणाला ते खालून येतंच, असं तुझं म्हणणं. खांब दुसऱ्या बाजूला, टणक जागी घेऊ या, एका दिवसाचं काम आहे, असंही तू म्हणालास.

मी हसलो. सगळ्यांसमोर म्हणालो, "अरे, आपण चंद्राच्या शेजारून जाणारी माणसं, आणि तू मला चंद्राची भीती घालतोस?" सगळे हसले. वाक्य मला इतकं आवडलं, की रात्री मी ते नाटकात घातलं.

दसऱ्याला आपण स्थानकाच्या शिडीपाशी नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा विषय काढलास, तेव्हा मला चांगलाच राग आला. नारळ फुटल्यावर काही हलवायचं नसतं, अपशकुन होतो, असं मी तुला सांगितलं. शकुन-अपशकुनावर माझा काडीचा विश्वास नाही, हे तुला माहीत होतं. तू त्या मागच्या बल्लीवर, जमिनीपासून दोन बोटं वर, गेरूने एक आडवी रेघ ओढलीस. मी ती बघितली आणि बघितली नाही असं दाखवलं.

रंगीत तालीम मी कोजागिरीच्याच दिवशी सकाळी अकराला ठेवली. तुमचा हिशेब तू मला पुढे शिकवलास. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंधरा तिथीची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे वर्षातल्या सगळ्या वेळा सोडून मी नोटीस बोर्डावर नेमकी तीच वेळ लिहिली होती. आता मी कॅलेंडर बघितलं की हात आपोआप पाऊणपट करतो. पण ते आता.

त्या सकाळी तू शिडीपाशी मला गाठलंस. "साहेब, रेग गेली."

"कुठे गेली?"

"जमिनीत. खांब दोन बोटं खाली गेलाय."

"अकरा वाजलेत, काशिनाथ. तालीम झाल्यावर बघू."

त्या दोन बोटांचा अर्थ मला कळत होता, हे आज लिहून टाकतो. मी मेन्टेनन्सचा माणूस. कारखान्यात एखादं मशीन पायातून एवढं खचलं असतं तर मी शिफ्ट थांबवली असती. पण तिथे अकरा जण कपडे करून तयार होते, चेहऱ्याला रंग लागला होता, बायका-माणसं बघायला जमली होती, आणि मला त्यांच्यासमोर एका फिटरचं ऐकायचं नव्हतं. एवढंच होतं ते. याहून मोठं काही कारण असतं तर बरं वाटलं असतं.

आपण वर चढलो. वंदना सात वर्षांची, स्थानकावर जन्मलेल्या मुलीचं काम तिच्याकडे. मी तिला हौसेने नेमकं मागच्या कोपऱ्यात, सळयांच्या बाजूला बसवलं होतं, कारण तिथून तिच्यावर उजेड चांगला पडायचा. स्थानकाची घरघर म्हणून आमच्या मिक्सरचा आवाज टेपवर भरून घेतला होता, तो कर्ण्यातून सुरू झाला. मी माझ्या चौथऱ्यावर उभा राहिलो.

तुझं दुसरं वाक्य आलं आणि तू ते म्हटलंच नाहीस. तू सरळ चालत माझ्याकडे आलास आणि अगदी हळू म्हणालास, "साहेब, आता उतरवा सगल्याना. हात जोडतो."

"जागेवर जा," मी म्हणालो.

तू जागेवर गेला नाहीस. तू मागच्या कोपऱ्यात गेलास, वंदनाला उचलून खांद्यावर टाकलंस आणि शिडीकडे निघालास. मी चौथऱ्यावरून ओरडलो, "कोणी उतरायचं नाही. काशिनाथ, तू नाटकातून बाहेर." पण मिक्सरची घरघर एवढी होती, की ते फक्त चौथऱ्यालगतच्या शिडीशी पोचलेल्या तुला ऐकू गेलं. तू एकदा माझ्याकडे बघितलंस. मग वळून बाकीच्यांपाशी जाऊन म्हणालास, "साहेबांनी उतराला सांगतलंय. पटापट उतरा."

आणि ते उतरले. साहेबांची स्वतःची मुलगी खाली नेली जातेय म्हणजे साहेबांचाच हुकूम, असं सगळ्यांना वाटलं. एकामागून एक, हसत, कुरकुरत, चंदेरी टोप्या सावरत उतरले. मी वर एकटा हात हलवून त्यांना थांबा म्हणत होतो आणि त्यांना वाटत होतं, साहेब लवकर करा म्हणतायत.

मग माझ्या पायाखालची फळी कलली. आवाज झाला नाही. मागचा कोपरा, लोण्यात सुरी जावी तसा, गुडघाभर खाली गेला. मी पुढच्या बाजूला उडी टाकली, घोटा मुरगळला, आणि बसल्या जागेवरून बघितलं, तर आपलं अख्खं स्थानक सावकाश मागे झुकत त्या सळयांवर जाऊन पडलं. वंदना जिथे बसली होती ती फळी एका सळईने मधोमध फाडली होती. खाली खड्ड्यात स्वच्छ पाणी चमकत होतं. मी सरकत जाऊन त्यात बोट बुडवलं आणि चाटून बघितलं. खारट होतं.

वंदना तुझ्या कडेवर होती आणि विचारत होती, आता माझं काम कधी? त्या क्षणी जे वाटलं ते मी पुन्हा कधी अनुभवलं नाही. अंगातली सगळी हाडं काढून घेतल्यासारखा मी तिथे मुरमावर बसून राहिलो आणि मोजत राहिलो. अकरा. पुन्हा अकरा. मला धरून अकरा. आजही कधी मध्येच उगाच मोजतो आणि अकरा भरले की श्वास सोडतो.

संध्याकाळी नाटक झालं, जमिनीवर, सतरंजीवर. मागच्या रांगांना काही दिसलं नाही आणि ते एका अर्थी बरंच झालं. सुरू व्हायच्या आधी तू माझ्याजवळ येऊन विचारलंस, "साहेब, मी करू ना काम?" तुला मी काढून टाकलं होतं आणि ते फक्त आपल्या दोघांना माहीत होतं. मी म्हणालो, "कर की, विचारतोस काय?" 'माझं चुकलं' म्हणायची ती पहिली संधी होती.

दुसरी लगेच आली. कॉलनीच्या सेक्रेटरींनी माइकवरून माझं कौतुक केलं. कप्तानाने प्रसंगावधान राखून सगळ्यांना उतरवलं आणि स्वतः शेवटी उतरला. टाळ्या पडल्या. मी लंगडत उभा राहिलो, हात जोडले. तू दुधाच्या पातेल्यापाशी उभा होतास आणि पातेल्यात बघत होतास. मी एक वाक्य बोलायचं होतं. माइक माझ्या हातात होता. मी सगळ्यांचे आभार मानले, तुझेही मानले, सुतारकामासाठी.

पुढे मग आपला वाद सुरू झाला. मी म्हणायचो, दोष सुंभाचा, गाठी सैल होत्या. तू म्हणायचास, नाय साहेब, पानी. चहाच्या सुट्टीत, बसच्या रांगेत, मोऱ्याच्या जेट्टीवर लाँचची वाट बघताना, पाच वर्षं सुंभ आणि पाणी. तू मला बांधावर नेऊन जुनी उघाडी दाखवलीस, तिथीचा हिशेब शिकवलास, भांग आणि उधाण समजावलंस. म्हणजे मी मनातून कधीच हरलो होतो आणि तरी तोंडाने सुंभ सोडत नव्हतो. पण तू त्या दिवशी माझं नाव का घेतलंस हे मी विचारलं नाही, आणि तूही ते वाक्य कधी काढलं नाहीस.

मला ते हळूहळू कळलं. तुझ्या नावावर कोणी उतरलं नसतं. एवढे कॉलनीकर सारसोळ्याच्या फिटरचं ऐकून नाटक थांबवणार नव्हते. हे तुला एका क्षणात समजलं होतं. जीव वाचवायचे तर माझं नाव वापरावं लागणार आणि मग श्रेयही माझ्याच पदरात जाणार, हेही तुला तेव्हाच समजलं असेल. तू हिशेबात पक्का होतास.

दोन आठवड्यांपूर्वी तुला बघायला दवाखान्यात आलो तेव्हा बोलायचं ठरवूनच आलो होतो. तू विचारलंस, वंदीची परीक्षा कशी झाली? मी सांगत बसलो. गणितात किती, इंग्रजीत किती. निघताना म्हणालो, उद्या सवडीने येतो, थोडं बोलायचंय. तू म्हणालास, "या की. मी कुटं जातोय?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेलास. तुझे हाल झाले नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यालाही धरून आहे. पण त्या थोड्या बोलण्याचं काय करायचं, ते मला बारा दिवस कळत नव्हतं.

काल जेवणं झाल्यावर पडवीत सगळे बसले होते. तुझा भाऊ पाहुण्यांना माझी ओळख करून देत होता. "ह्ये काशीचे साहेब. त्या नाटकाच्या टायमाला सगल्याना ह्यांनीच वाचवलं. आमच्या काशीला पन." पाहुण्यांनी माझ्याकडे आदराने बघितलं. भिंतीला टेकून तुझ्या पत्नी ताराबाई बसल्या होत्या, शेजारी तुझा फोटो. वंदना माझ्या बाजूला.

मी म्हणालो, "नाही. मी वाचवलं नाही."

मग थांबता येईना. रेघ सांगितली, तीनदा सांगितलेलं सांगितलं, हात जोडलेले सांगितले. तुला नाटकातून काढलं ते सांगितलं. साहेबांनी सांगितलंय असं तू म्हणालास आणि साहेब वर उभे राहून उतरू नका म्हणत होते, हेही सांगितलं. शेवटी उतरलो तो कप्तान म्हणून नाही, हट्ट म्हणून, हे कबूल केलं. सुंभाचं खोटं होतं, पाणीच होतं, हेसुद्धा सांगितलं, कारण तो वाद तू जिंकल्याचं कोणालातरी कळायला हवं होतं. वंदना माझ्याकडे टक लावून बघत होती. आजवर तिला वाटत होतं, बाबांनी सांगितलं म्हणून काशीकाकांनी तिला उचललं.

मला वाटलं, आता ताराबाई मला घराबाहेर काढतील, आणि काढलं तर बरोबरच आहे.

ताराबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, आणि मग रडायलाही लागल्या.

"त्यांनी मना सांगतलं व्हतं," त्या म्हणाल्या. "त्याच दिसा, घरी आल्यावर. मीच बोल्ली, कशाला फुशारक्या मारताव? सगली कॉलनी साहेबांचा नाव घेते, आनि तुमी बोलताव मीच उतरवले? मंग गप बसले. पाच वरसां परत कदी बोलले नाय."

काशिनाथ, हे मला माहीत नव्हतं. कॉलनीत तुझं श्रेय गेलं एवढंच मी धरून चाललो होतो. तुझ्याच घरात, तुझ्याच बायकोपुढे माझ्यामुळे तू खोटा ठरला होतास, आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला नेहमीसारखं "रामराम साहेब" म्हणाला होतास.

ताराबाई उठल्या. तुझ्या फोटोचा हार जरा सरळ केला आणि तू समोर बसला असावास तशा तुझ्याशी बोलल्या.

"आयकलाव का? साहेब बोलले. खरा व्हता तुमचा. चुकला माजा."

मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि मीही तुला तेच म्हणालो. मोठ्याने म्हणालो, पडवीतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं.